मन मोकळं: कोरोना गेला, मग हे काय मागे राहिलंय?

मागच्या अंकात झोपेबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेले होते की लॉकडाऊनमध्ये लागलेल्या काही भीत्या अजून लोकांच्या घरात ठाण मांडून बसल्यात, कुणाला असं वाटत असेल तर लिहा. बापरे, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आणि जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच, "आता एवढी वर्षं झाली, विचारायला लाज वाटते पण..." अहो लाज कसली त्यात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं हे खरं, पण ते तिकडे जिनिव्हात झालं, आपल्या डोक्यात त्याचा जीआर पोचलाच असं नाही.

पत्रं लांबलचक होती म्हणून कापलीयत, ओळख पटू नये म्हणून वयं, भाग थोडे इकडचे तिकडे केलेत.

प्रश्न: ताई, माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, आम्ही कोथरूडला राहतो. २०२० मध्ये सगळेच भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होते, आम्हीपण. मग सगळ्यांनी सोडलं, यांनी नाही. अजून दुधाची पिशवी साबणाने धुतल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाही, पेपर बंद केला तो केलाच, सुट्टे पैसे डेटॉलच्या पाण्यात. कामवाल्या मावशींना किचनमध्ये यायला परवानगी नाही, भांडी बाल्कनीत. मुलगी शाळेतून आली की दारातच युनिफॉर्म काढायचा, ती आता सातवीत आहे, तिला लाज वाटते. हातांची सालं निघतायत त्यांच्या. काही बोललं की "तुम्हाला काय, मरेन तर मी मरेन". मिस्टर म्हणतात पूर्वी सोवळं होतंच की घरात, तसं समज. हे वय आहे का वेड?

दोन्ही नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे ओसीडीकडे झुकलेलं वाटतंय, म्हणजे मंत्रचळ, आणि तो बऱ्यापैकी बरा होणारा आजार आहे. पत्रावरून निदान करायचं नसतं म्हणून 'वाटतंय' म्हणतेय. डॉक्टर साधारण हे बघतात की दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ यात जातोय का, त्रास होतोय का, आणि मनात आणलं तर थांबता येतंय का. तुमच्याकडे तिन्हीची उत्तरं पत्रातच आहेत.

मिस्टरांना सांगा की सोवळ्यातली बाई स्वयंपाक झाला, नैवेद्य दाखवला की मोकळी व्हायची. सासूबाई मोकळ्या होतच नाहीयेत. पिशवी धुतली, मग धुताना नळाला हात लागला, मग नळ धुतला, मग ज्या हाताने नळ धुतला तो हात, आणि हे सगळं होऊन ओट्यापासून दोन पावलं लांब गेल्यावर परत शंका, "मी खालची बाजू धुतली होती का?" शंका आली की छातीत धस्स होतं, धुतलं की बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की बघ, धुतलं म्हणून वाचलीस. पुढच्या वेळी शंका अजून जोरात येते.

यात त्यांची चूक काहीच नव्हती हेही लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये एक प्रयोग छापून आला होता की प्लास्टिकवर आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडतो, तो व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचला, आणि त्यावेळी पिशव्या धुणं हे शहाणपणच होतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या साथी-आजार बघणाऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं की अशा वस्तूला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षाही कमी आहे. ही बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. पण म्हणून आता हा आकडा घेऊन सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नका, उपयोग नाही, ओसीडीवाल्या माणसाला बहुतेक वेळा माहीत असतं की हे जरा अतीच होतंय, माहिती असून थांबता येत नाही हीच तर अडचण आहे.

आता जरा तुम्हाला बोलते. घरातले सगळे यात सामील आहेत. नात दारात कपडे काढते, मावशी बाल्कनीत बसतात, आणि सासूबाईंनी "कशाला हात लावला नाहीस ना?" विचारलं की तुम्ही "नाही हो आई" म्हणून मोकळ्या होता, भांडण नको म्हणून. समजू शकते मी, पण प्रत्येक 'नाही हो आई' त्या शंकेला खाऊ घालतंय. म्हणून हे उद्यापासून एकदम बंद करायचं का? अजिबात नाही, घरात रणकंदन होईल. त्यांना विश्वासात घेऊन एकच गोष्ट निवडा, सगळ्यात कमी भीतीची, समजा पेपर. पेपर घरात येईल, त्या तो वाचतील आणि वाचल्यावर ठरलेला वेळ हात धुणार नाहीत, तुम्ही शेजारी बसाल, चहा प्याल, पण "काही होत नाही" असं सांगत बसणार नाही. अस्वस्थता वाढते, वाढते आणि मग आपोआप उतरते, हे त्यांच्या शरीराला स्वतः अनुभवावं लागतं. याच पद्धतीची थेरपी असते, ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. जोडीला गोळ्या लागू शकतात, ओसीडीत त्यांचा डोस डिप्रेशनपेक्षा बरेचदा जास्त असतो आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, त्यामुळे तीन आठवड्यांनी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

त्या सायकियाट्रिस्टकडे यायच्या नाहीत, हे तुम्ही लिहिलं नाहीयेत पण मला दिसतंय. हातांसाठी न्या. सालं निघतायत ना, तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे हात दाखवायला न्या आणि त्यांना आधी फोन करून सगळं सांगून ठेवा. पुण्यातली या वयाची माणसं मुलाचं ऐकत नाहीत, सुनेचं तर नाहीच नाही, तीस वर्षांच्या जुन्या डॉक्टरचं ऐकतात.

प्रश्न: मी हडपसरला राहतो, वय ४१. एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. बेड मिळायला दीड दिवस गेला, रेमडेसिव्हिरसाठी मी रांगेत उभा राहिलो, सहापैकी चारच मिळाली. शेवटचं तोंडपण बघू दिलं नाही, महापालिकेच्या माणसांनी सगळं केलं, मी गेटच्या बाहेरून ॲम्ब्युलन्सचा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ मी अजून रोज रात्री बघतो. बायकोला माहीत नाही. उरलेली दोन इंजेक्शनं मिळाली असती तर बाबा असते, हे डोक्यातून जात नाही. त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने मी जात नाही, लांबून वळसा घालतो. लोक म्हणतात किती दिवस, आता पुढे बघ. मी वेडा होतोय का?

नाही. आधी त्या दोन इंजेक्शनांबद्दल बोलू, कारण तुम्ही रोज रात्री त्यांचाच हिशोब करताय.

तुम्ही रांगेत उभं राहायच्या पाच महिने आधी, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं की दाखल झालेल्या पेशंटला रेमडेसिव्हिर देऊ नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. त्यांच्याच मोठ्या चाचणीचे पूर्ण निकाल पुढे २०२२ मध्ये आले, त्यात व्हेंटिलेटरवर नसलेल्या पेशंट्सना थोडासा फायदा दिसला, आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना काहीच नाही. हा 'थोडासा' खरंच थोडासा आहे, शंभरात एखाद-दोघांपुरता. तरी चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या, औषधाच्या दुकानांबाहेर रांगा लागत होत्या, ब्लॅकमध्ये विकलं जात होतं, कारण हातात द्यायला दुसरं फारसं नव्हतं आणि नातेवाइकांना काहीतरी करतोय असं वाटायला हवं होतं. बाबांचा जीव त्या दोन बाटल्यांवर अडकला होता असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला सांगू शकणार नाही.

हे वाचून तुम्हाला लगेच हलकं वाटेल असं मला वाटत नाही, उलट थोडं रिकामं वाटेल. माझ्याकडे अशी बरीच माणसं येतात, मुलगे जास्त, आणि माझं मत असं झालंय की अपराधीपणा सोडवत नाही तो यासाठी, की दोष स्वतःकडे घेतला की निदान असं तरी वाटतं काहीतरी आपल्या हातात होतं. काहीच हातात नव्हतं हे मान्य करणं त्याहून जड जातं. तुम्ही दीड दिवसात बेड मिळवलात. त्या एप्रिलमध्ये पुण्यात ज्यांनी फोन फिरवले त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो.

"किती दिवस" म्हणणाऱ्यांचं सोडून द्या, पण माझ्याकडून एक ऐका. दुःखाला मुदत नसते, तरी ते जेव्हा वर्षाहून जास्त काळ रोजच्या रोज तितक्याच धारेचं राहतं, आठवणीत अडकून कामं, नाती अडायला लागतात, तेव्हा त्याला आता वेगळं निदान आहे, लांबलेला शोक म्हणा हवं तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला सहा महिने धरतात, अमेरिकेच्या यादीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. त्याच्यासाठी खास थेरपी आहे, नुसतं "बोलून टाका" नाही.

आणि आपल्याकडे हे लांबायला एक साधं कारण पण झालंय. एरवी माणूस गेला की घर भरतं. कोणीतरी पिठलं-भात आणून देतं, दहा दिवस येणारा प्रत्येक जण विचारतो "काय झालं नक्की?" आणि आपण तीच गोष्ट पन्नास वेळा सांगतो, दहाव्याला कावळा शिवतो का म्हणून सगळे ताटकळतात, तेराव्याला गोड खाऊ घालून आपल्याला जबरदस्तीने परत माणसांत आणतात. श्रद्धा असो नसो, ह्या सगळ्याचं काम होतं. तुमच्या वाट्याला त्यातलं काय आलं? एक गेट आणि मोबाईल.

म्हणून ते आता करा, उशीर वगैरे काही झालेला नाही. विधी राहिले असतील आणि मानत असाल तर गुरुजींना विचारून करून घ्या, पितृपक्ष आहेच दरवर्षी. मानत नसाल तर बाबांचे मित्र, भाऊ, त्यांच्या कंपनीतले दोघं-चौघं, जे तेव्हा येऊ शकले नाहीत त्यांना एका रविवारी जेवायला बोलवा आणि फक्त बाबांबद्दल बोला. व्हिडिओ डिलीट करू नका, घाईत केलात तर त्याचाही अपराध वाटेल. पण तो आधी बायकोला दाखवा. एकट्याने रात्री बघणं आणि कुणाच्या तरी शेजारी बसून दुपारी बघणं यात फरक आहे, आणि ते गुपित तुम्हाला व्हिडिओइतकंच जड झालंय असं मला पत्रावरून वाटतं. त्या रस्त्याचं थेरपिस्टबरोबर ठरवा, हळूहळू, आधी रविवारी सकाळी ट्रॅफिक नसताना, कुणालातरी बरोबर घेऊन.

एक प्रश्न सरळ विचारते. "बाबांकडेच जावं" असं मनात येतं का? येत असेल तर या उत्तराची पुढची ओळ वाचायच्या आधी बायकोला सांगा आणि १४४१६ ला फोन करा, ती टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मॅडम, मी सदाशिव पेठेतला ७८ वर्षांचा वाचक. तुमचं सदर वाचतो, पण मागच्या वेळचं पटलं नाही. आमच्या आजोबांनी प्लेग बघितला. गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले, परत आले, कामाला लागले. कुणी काउन्सेलरकडे गेलं नाही. हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं आणि गोळी द्यायची. असो.

काका, तुमचं ते 'असो' मला फार आवडलं. पण प्लेग काढलाच आहेत तर थोडं बोलूच.

लोक गुपचूप सोसून कामाला लागले असं काही पुण्यात झालं नव्हतं हो. १८९७ मध्ये सोल्जर घराघरांत शिरून पेशंट शोधत होते, सामान बाहेर फेकत होते, शहरात संताप एवढा साठला की २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ताण होताच, फक्त तो कुठल्या वाटेने बाहेर पडला ते इतिहासात आहे. त्याच साथीत पेशंटांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या घरांतून एकाच महिन्यात दोन-तीन तिरड्या निघाल्या त्या घरातल्या बायकांचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आपल्या सगळ्यांच्या घराण्यात एक तरी आजी-आत्या अशी असते ना, जिच्याबद्दल "ती तेव्हापासून अशीच" एवढंच सांगतात? तीच ती.

जिथे नोंदी ठेवल्या तिथे हे दिसतं. १९१८ चा फ्लू, ज्यात आपल्याच देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, तो झाल्यावर लगेच १९१९ मध्ये कार्ल मेनिंजर नावाच्या डॉक्टरने बोस्टनच्या मनोरुग्णालयातले फ्लूनंतर मानसिक आजार झालेले शंभर पेशंट तपासून त्यावर लेख लिहिला. म्हणजे ही हल्लीची फॅशन नाही. कोविडच्या पहिल्या वर्षात जगात डिप्रेशन आणि चिंतेचे आजार साधारण २५ टक्क्यांनी वाढले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के खरी. बहुतेक माणसं आपली आपण सावरतात, कोविडमध्येही सुरुवातीच्या महिन्यांत जी घबराट वर गेली ती बऱ्याच जणांची नंतर गोळी-बिळी न घेता खाली आली. मी त्यांच्याबद्दल लिहीतच नाहीये. जे राहून गेले त्यांच्याबद्दल लिहितेय. आणि झोपड्यांचं म्हणाल तर ती पद्धत उत्तम होती, कारण सगळा वाडा एकत्र जाऊन राहायचा, २०२० मध्ये फ्लॅटमध्ये एकटं बसण्यापेक्षा बरंच बरं. असो.

प्रश्न: हाय मॅम, मी २० चा आहे, इंजिनिअरिंगला, गाव सातारा साइडला, इथे कॉट बेसिसवर राहतो. माझी दहावी २०२१ ची. नववी शेवटी अर्धवट राहिली आणि दहावी पूर्ण मोबाईलवर झाली, परीक्षाच झाली नाही, ९४ टक्के पडले पण मी कुणाला सांगत नाही कारण लगेच "अच्छा कोरोना बॅच" म्हणतात. आता व्हायव्हाला गेलो की आवाजच निघत नाही, घाम येतो, येत असलेलं पण सांगता येत नाही. मेसला सगळे जाऊन आल्यावर जातो नाहीतर पार्सल आणतो. कॉल आला की वाजून देतो मग मेसेज करतो. मला वाटायचं मी इंट्रोव्हर्ट आहे. पण आता प्लेसमेंट येणार आणि मला इंटरव्ह्यूच्या नावाने झोप येत नाही.

अरे, आधी ते ९४ टक्के. २०२१ ला राज्यात दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, परीक्षा झाली नाही, नववीचे आणि शाळेतले मार्क धरले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण परीक्षा रद्द करायला तू शिक्षणमंत्र्यांकडे गेला नव्हतास. जो टोमणा मारतो त्याला "हो, कोरोना बॅच, तुमची कुठली?" एवढं विचारून पुढे जायचं.

इंट्रोव्हर्ट माणूस खोलीत एकटा बसला की ताजातवाना होतो, त्याला मजा येते. तू पार्सल घेऊन खोलीत आलास की पहिली दोन मिनिटं हुश्श वाटतं आणि मग स्वतःचा राग येतो, बरोबर ना? ही सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांत बोलायची-वावरायची भीती वाटतेय, बुजणं नाही आणि स्वभाव पण नाही. तेरा ते सोळा हे वय वर्गात फजिती करून घ्यायचं असतं, चुकीचं उत्तर द्यायचं, सगळे हसतात, आपण लाल होतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही नसतं. तुझी ती प्रॅक्टिस कॅमेरा ऑफ करून गेली. तू एकटा नाहीस यात, २०२० च्या आकड्यांवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात जो मोठा अभ्यास आला त्यात डिप्रेशन आणि अँग्झायटी सगळ्यात जास्त वाढली ती तरुण पोरापोरींत आणि बायकांत.

राहिलेली प्रॅक्टिस आता करायची. गर्दीच्या वेळी मेसला जायचं, मोबाईल खिशात, आणि वाढणाऱ्या काकांकडे तोंडाने जास्तीची पोळी मागायची. हे वाचून हसू नकोस, पहिल्या दिवशी तुला घाम फुटणार आहे. रोज एक कॉल उचलायचा, घरचा चालणार नाही. रूममेटला व्हायव्हा घ्यायला लाव आणि एक उत्तर मुद्दाम चुकव, बघ काय होतं. एक करायचं नाही, ते म्हणजे वाक्य न् वाक्य पाठ करून जाणं, कारण मग लक्ष प्रश्नाकडे राहत नाही, पाठ केलेलं आठवतंय का याच्याकडे राहतं, आणि तिथेच आवाज जातो. भीती शून्य होण्याची वाट बघू नकोस, भीती असताना बोलता यायला लागतं, मग ती कमी होते, क्रम असा आहे.

महिन्या-दीड महिन्यात काहीच हललं नाही, किंवा झोप, भूक, अभ्यासातलं मन असं सगळंच गेलं असेल, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा. तिथे जाताना कुणी बघेल ही भीती असेल तर १४४१६ ला फोन कर. हो, कॉल आहे तो. आजचा कॉल तोच समज.

प्रश्न: माझे मिस्टर आयटीत आहेत, वाकडला राहतो. आधी महिन्यातून एखाद वेळ घ्यायचे. लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होम सुरू झालं, संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की ग्लास. ते चालूच राहिलं, आता रोज अर्धी बाटली. सकाळी हात थरथरतात, घेतली की थांबतात. "स्ट्रेस आहे" म्हणतात. मी सगळ्या बाटल्या ओतून देणार आहे, बरोबर ना?

थांबा, ओतू नका. सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात याचा अर्थ शरीराला सवय लागलीय, आणि अशा माणसाची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, ते जिवावर बेततं. बंद करायची पण डॉक्टरांच्या देखरेखीत, त्यासाठी गोळ्या असतात, काही दिवस ॲडमिट व्हावं लागेल.

स्ट्रेस असेलही, पण चार-पाच वर्षं रोज घेतल्यावर आता दारूच झोप घालवतेय, दारूच चिंता वाढवतेय आणि त्याच्यावर ते दारूच घेतायत. त्यांच्याशी सकाळी बोला, रात्री नाही, आणि हातांवरून सुरू करा, चारित्र्यावरून नाही. आपल्याकडे येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतायत. मिस्टर यायला तयार नसले तरी आधी तुम्ही एकट्या जाऊन या, घरच्यांनी काय करायचं हे तुम्हालाही कुणी शिकवलेलं नाही.

प्रश्न: दोनच छोट्या शंका. मानसिक आजाराला मेडिक्लेम मिळतो का? आणि या गोळ्यांची सवय लागते का, आयुष्यभर घ्याव्या लागतात का? (चिंचवड)

मेडिक्लेम मिळायला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंय. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात, नुसत्या कन्सल्टेशनला आणि थेरपीला नाही, तेव्हा ओपीडी कव्हर आहे का ते पॉलिसी काढून वाचा. परवडत नसेल तर ससूनच्या मानसोपचार ओपीडीत जा, गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा बरोबर ठेवा.

गोळ्यांचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या जाती लोक एकत्र करतात. डिप्रेशन-चिंतेवर रोज घ्यायच्या ज्या असतात त्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, त्याला लोक 'सवय लागली' म्हणतात. दुसरी जात झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची, त्यांची मात्र खरीखुरी सवय लागते, त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. लॉकडाऊनमध्ये कुणाच्या तरी चिठ्ठीवर सुरू झालेली झोपेची गोळी अजून चालू असलेली घरं मला माहीत आहेत, तुमच्याकडे तसं असेल तर गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, पण जाईपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करू नका.